पिशवीतली वाळू

धाकटी लेक जन्मली त्या वर्षीची गोष्ट. माझा मेहुणा भोंगा आमच्या अजिंक्य होडीचा सुकाणूवाला. आम्ही वल्ही मारायची, त्याने ओरडून तालावर ठेवायचं. सुकाणूवाल्याचं वजन ठरल्यापेक्षा कमी भरलं, की तेवढी वाळू पिशवीत घालून होडीत ठेवायची, असा नियम. शर्यतीच्या सकाळी तो शेडमागे पिशवीत गुपचूप जादा वाळू कोंबताना दिसला. होडी जड करून हा आम्हाला हरवणार, मनात पाल चुकचुकली. मी मनगट पकडलं. “कुणाला विकलंस रे आम्हाला?” “दाजी, काल वजनाला खिशात दगड ठेवले होते. खरं वजन कळलं असतं तर शर्यतीच्या डॉक्टरांनी होडीत बसू दिलं नसतं. पण होडी हलकी ठेवून जिंकायचं नाही.” मनगट दोन बोटांत मावत होतं. “ताई बाळंतीण आहे, तिला यातलं काही सांगू नका.” शर्यत जिंकली. लेक रांगली, त्याच महिन्यात भोंगा वारला.