नाव तर तुझंच हाय

"नाव तर तुझंच हाय, सारजे." केशरबाईंनी मोबाइल सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "मशीन कावून खोटं बोलंल?"

सीताफळाचा गर काढायच्या खोलीबाहेर, पत्र्याच्या सावलीत बचतगटाच्या बायका बसल्या होत्या. खोलीची चावी कालच सारजाबाईंकडून केशरबाईंकडे गेली होती. आज अध्यक्षपदही जायचं होतं. सारजाबाईंची नात संस्कृती आजीला चिकटून बसली होती.

गटाच्या वेबसाइटवर ऑर्डरचं एक हिरवं बटण होतं. ते दाबलं की मागणी थेट गटाच्या नंबरवर यायची. ऐन हंगामात ती यायची थांबली. बघतात तर बटणामागचा नंबरच बदललेला, आणि धारूरच्या सीताफळाची सगळी गिऱ्हाइकं कुण्या अनोळखी माणसाच्या दारात. साइटवरची नोंद सांगत होती, 'बदल करणारी व्यक्ती : सारजाबाई.' पासवर्ड तर दोघींकडेच, अध्यक्ष म्हणून सारजाबाईंकडे आणि सचिव म्हणून केशरबाईंकडे. सारजाबाई पुन्हा पुन्हा एकच म्हणत होत्या, 'म्या काईच केलं न्हाई.' मागून कुणीतरी पुटपुटलं, की दिला असंल एखाद्या पाहुण्याचा नंबर.

तेवढ्यात केशरबाईंची सून उठली. धनश्री अंबाजोगाईला कम्प्युटर शिकलेली. पण लग्न होऊन आल्यापासून गावाने तिच्या तोंडून 'चहा ठेवू का' याहून मोठं वाक्य ऐकलं नव्हतं. तिने पदर सारखा केला.

"आई, तुमी तुमच्या नावानं साइट उघडता का? अन् मग म्या धाडलेला फोटो बघा."

केशरबाईंनी पासवर्ड टाकून साइट उघडली. मग व्हॉट्सअॅपवर आलेली सुनेची लिंक दाबली. त्यांच्याच म्हशीचा फोटो आला, शिंगाला लाल फुगा बांधलेला. बायका फिदीफिदी हसल्या. ही येडी झाली का काय, असं तोंड करून केशरबाईंनी सुनेकडे पाहिलं.

"आता साइट बघा," धनश्री म्हणाली.

हिरव्या बटणामागे धनश्रीचा नंबर होता. आणि सारजाबाईंच्या नोंदीखाली एक ताजी नोंद, 'बदल करणारी व्यक्ती : केशरबाई.'

हसू पत्र्याखालीच विरलं.

"म्या काईच केलं न्हाई," केशरबाई म्हणाल्या. म्हणाल्या आणि थांबल्याच. शब्दन् शब्द आजीचा होता.

धनश्रीने मग सगळं सावकाश सांगितलं. ते बटण म्हणजे बाहेरून आणून साइटला जोडलेला एक तुकडा, त्याला प्लगइन म्हणतात. म्हशीच्या फोटोमागे तिने एक हुकूम लपवला होता, नंबर बदल म्हणून. केशरबाईंची साइट उघडीच होती, त्यामुळे मोबाइल तो हुकूम त्यांच्याच नावाने पोचवून आला. प्लगइनने ओळखीचं नाव बघितलं आणि मुकाट्याने नंबर बदलला. साइटच्या आतून कुणी तसं खरंच सांगितलंय का, हे विचारलंच नाही. सारजाआत्यांनाही शेळ्यांच्या प्रदर्शनाचे फोटो म्हणून अशीच लिंक आलती, साइट उघडी असताना बिचाऱ्यांनी ती दाबली, एवढाच त्यांचा गुन्हा.

केशरबाईंनी मोबाइलवरून नजर वर केली.

"म्हंजी त्यानं खूण इचारलीच न्हाई?"

सगळ्या बायकांच्या डोक्यात एकदम उजेड पडला. या गावात दुसऱ्याच्या घरातून वस्तू आणायची, तर नुसतं नाव सांगून भागत नाही. धाडणाऱ्याने खूण सांगावी लागते, त्या दोघांनाच ठाऊक असलेली. काल केशरबाईंनी चावी न्यायला एक बाई धाडली, तेव्हा सारजाबाईंनीही आधी खूण विचारली होती. केशरबाईंनी धाडलेली खूण होती, 'लिंबागणेशच्या यात्रेत दोघींच्या चपला गेल्या अन् आपण अनवाणी हसत घरी आलो.' ती ऐकल्यावरच सारजाबाईंनी चावी काढून दिली होती.

"तेवढंच चुकलं त्याचं," धनश्री म्हणाली. प्लगइनवाल्यांनी चूक दुरुस्त करून नवा प्लगइन काढला होता. तिने तो तिथंच बसवला, गटाचा नंबर परत घातला. आता साइट दर वेळी आपल्या पानावरच एक गुप्त खूण देणार होती, आणि ती खूण घेऊन आलेलाच हुकूम ऐकणार होती. केशरबाईंनी लिंक पुन्हा दाबली. म्हैस आली, फुगा आला. नंबर जागचा हलला नाही.

संस्कृती धनश्रीकाकूकडे बघतच राहिली. काकूने आवाज चढवला नाही, सासूला तोंडावर खोटं पाडलं नाही, आणि तरी आजीवरचा आळ गेला. असंही भांडता येतं, हे तिला माहीतच नव्हतं. घरी जाऊन आपणही पदर घेऊन बघावा, असं तिला उगाच वाटलं.

केशरबाईंनी कनवटीची चावी सोडली आणि सारजाबाईंच्या ओटीत ठेवली. दोघी एकमेकींकडे न बघता बसून राहिल्या.

"आई, नोंदीतलं तुमचं नाव पुसून टाकते," सासूचा मोबाइल हातात घेत धनश्री हळूच म्हणाली. "माझ्यामुळं लागलं."

"अन् सारजीचं?"

"ते पोलिसांना दाखवाय लागंल. ते आता पुसता यायचं न्हाई."

केशरबाईंनी मोबाइल तिच्या हातातून काढून घेतला.

"मंग ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या. "तिच्या खाली माझं बी असू दे."