बाळंतिणीची मोरी

"डॉल्फिनचं पिल्लू जाळ्याभोवती घिरट्या घालत होतं. जाळं कापून त्याच्या आईला सोडलं, हात जोडले," नवरा कौतुकानं सांगत होता.

सासू विळीवर मोरी मासळी चिरत होती. सुगंधेला अजून दूध उतरलं नव्हतं आणि बाळंतिणीला मोरीचं कालवण हवंच. तेवढ्यात मोरीच्या फाटलेल्या पोटातून जिवंत पिल्लं वळवळत परातीत पडली.

सुगंधेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हिची पोटात होती, दिसली नाहीत, म्हणून हिला हात जोडले नाहीत?"

"अगं, शार्क ती. हिची जात डॉल्फिनची पिल्लं खाते."

"आणि तुम्ही हिची खा."

परात उचलून ती तरातरा अंगणापलीकडच्या समुद्रात शिरली. पिल्लं पाण्यात सोडताना तिला जाणवलं, लाटा गुडघ्यापर्यंतच होत्या, पण चोळी चिंब भिजली होती. दुधानं.