नळ रोज येतात

मुलांनो, जरा डोळ्यांपुढं आणा. दुष्काळाचं वर्ष आहे, तुम्ही गारखेड्यात राहता, आणि नळ येण्याच्या दिवशी खेळ सोडून तुम्हाला टाकीपाशी थांबावं लागतं. दुसरीतली मनू अशीच थांबायची. तिची मैत्रीण करुणा वडिलांच्या बदलीमुळं अहमदाबादला गेली आणि तिथून फोनवर म्हणाली, "इथं नळ रोज येतात."

मनूनं बाबांना विचारलं. "थापा मारते ती," बाबा म्हणाले. "जगात सगळीकडं नळ आठ दिवसांनीच येतात."

मनूनं करुणाशी कट्टी केली.

सुट्टीत बाबा मनूला आणि आईला अहमदाबादलाच घेऊन गेले. संध्याकाळी नदीतल्या बोटीवर जेवण होतं. दोन्ही काठांवर शहराचे दिवे लागले होते. वाढप्यानं मनूच्या पेल्यातलं उरलेलं पाणी सहज नदीत ओतलं आणि पेला पुन्हा काठोकाठ भरला.

मनू बघतच राहिली. "काका, आज तुमचे नळ आले का?"

"नल तो रोज आता है, बेटा," तो हसून म्हणाला.

मनूनं बाबांकडं पाहिलं.

"मने, तो पूल बघ, किती दिवे लावलेत," बाबा म्हणाले.

"पुलाचं राहू द्या," आई म्हणाली. "आता तिला काय सांगणार ते बघा."

 

बाबांचा मोबाइल मनूच्या पुढ्यातच होता. तिनं आईचा मागून घेतला आणि करुणाला फोन लावला.