बारावा अर्ज

इंग्रजी अर्जाला सरकार नाही म्हणूच शकत नाही, यावर रूपराव गुरुजींची आयुष्यभर श्रद्धा होती. आजवर त्यांनी असे अकरा अर्ज लिहिले होते. एकालाही सरकार नाही म्हणालं नव्हतं. उत्तरच दिलं नव्हतं.

बारावा अर्ज त्यांच्या ओट्यावर वाचला जात होता. समोर धाम नदीकाठच्या सहा भाजीवाल्या बसल्या होत्या. सकाळची वर्ध्याची बस फाट्यावर थांबत नसे. टोपली दिसली की ड्रायव्हर वेग वाढवायचा. दुसऱ्या बसनं बाजार गाठेपर्यंत पालक मान टाकायचा, आणि भाव त्याच्याही आधी.

अर्थ कळल्याशिवाय अंगठा द्यायचा नाही, हा आनंदाबाईचा नियम. म्हणून गुरुजी एकेक वाक्य मराठीत सांगत होते. तिसऱ्या वाक्याशी थांबून त्यांनी चष्मा पुसला. तिथं 'थोल' होतं. हे क्रियापद त्यांना १९५८ साली जाड डिक्शनरीत सापडलं होतं. थंडी, दातदुखी, दैव अशा गोष्टींसाठी जुन्या इंग्रजीत ते वापरत. पुढं खुद्द इंग्रजांनीही ते बहुतेक सोडून दिलं. गुरुजींनी मात्र एकवीस वर्षं ते योग्य दुःखासाठी राखून ठेवलं होतं. बायकोच्या आजारपणातही बाहेर काढलं नव्हतं.

"म्हणजे का, गुरुजी?" आनंदाबाईनं विचारलं.

"सोसणे. पण साधं नव्हे. तोंडातून शब्द न काढता, कुरकुर न करता सोसणे."

हे कोणाबद्दल लिवलं, असं शालूबाईनं विचारलं. बाकीच्या पदराआड हसल्या. आनंदाबाई हसली नाही.

"कुरकुर नसती केली त तुमच्या ओट्यावर कायले आलो असतो? काढा तो शब्द."

"अहो, तो काढला तर अर्जात उरतं काय?"

"बस."

गुरुजींनी शब्द काढला नाही. बायकांनी अंगठे दिले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सहा टोपली डांबरी रस्त्यावर आडव्या ओळीत लागली. बस थांबली. कंडक्टर बबनराव खाली उतरला आणि त्यानं कायदा, पोलीस आणि बायकांचं माहेर, तिन्हींचा उल्लेख केला. आपण रस्ता अडवला नाही, बसची वाट पाहून राह्यलो, असं सांगून आनंदाबाईनं वांग्यांचं टोपलं पायरीवर ठेवलं. आतून कोणीतरी ओरडलं, की घ्या बा त्यांना, मले कोर्टाची तारीख आहे. तीन दिवस असंच झालं. चौथ्या दिवशी टोपली रस्त्याच्या कडेलाच होती, तरी बस थांबली.

गुरुजींनी अर्ज एकट्याच्या सहीनं, क्रियापदासकट, रजिस्टर पोस्टानं पाठवला. पाच महिन्यांनी डेपोचं उत्तर आलं. मराठीत, एका ओळीचं. सदर फाट्यावरील थांबा सन १९७१ पासून मंजूर आहे.