सुरुवातीचा आकडा

“आता ‘क’ येईल बघा,” नोंदणीच्या बाई म्हणाल्या. त्यांनी चौथ्या पेशंटचं नाव टाकून बटण दाबलं. पडद्यावर ‘क’ आला.

“पाचव्याला ‘ख’.”

पाचव्याला ‘ख’ आला.

प्रोग्रामवाला खरं तर प्रिंटर बघायला आला होता. प्रिंटर तसाच सोडून त्यानं स्टूल ओढलं.

“बाई, तुम्हाला आधीच कसं कळतं?”

“आठ महिने इथं बसतेय. रोज सकाळी मशीन सुरू केलं की हाच पाढा. क, ख, ख, क, ख, क, क. स्वेटरचे टाके पाठ व्हावेत तसं झालंय.”

 दवाखान्यात नव्या औषधाची चाचणी चालू होती. रक्ताच्या एकाच आजाराचे पेशंट. कुणाला खरं औषध आणि कुणाला नुसतं मिठाचं पाणी, हे कुणा माणसानं ठरवू नये म्हणून कॉम्प्युटरवर सोपवलेलं. पण कॉम्प्युटरला बिचाऱ्याला लहर कुठली? सुरुवातीला त्याला एक आकडा द्यावा लागतो, त्यावरून तो पुढचे रचत जातो. दिसायला विस्कटलेले, आतून घोकलेले. सुरुवात तीच, तर रांगही तीच. म्हणून दर वेळी नवा आकडा द्यायचा असतो. प्रोग्रामवाल्यानं करून बघण्यापुरता एक ठरावीक आकडा घातला होता, आणि काढायला विसरला होता.

“कुणाला बोललात हे?”

“मला कोण विचारतंय?” बाई हसल्या.

तेवढ्यात समोरच्या बाकावरून त्यांचे यजमान खिडकीशी आले. निवृत्त शिक्षक, सगळा दवाखाना त्यांना मास्तर म्हणायचा. त्यांनाही तोच आजार. चेहरा पांढरा पडलेला, पण जीभ शाबूत.

“तिच्या नादी लागू नका हो,” ते म्हणाले. “हिला अजून बाराचा पाढा येत नाही.”

रांगेतली माणसं हसली. प्रोग्रामवालाही हसला. बाईसुद्धा हसल्या आणि पुढचं नाव टाइप करू लागल्या. त्यांचं मधलं बोट वाकडं होतं, बटणावर नीट टेकत नव्हतं.

“बोटाला काय झालं, बाई?”

“दारात सापडलं,” मास्तरांनी सांगितलं.

तो डॉक्टरांकडे निघाला, तेव्हा बाईंनी त्याला जिन्यात गाठलं.

“सांगणार?”

“सांगायला नको का? आठ महिन्यांचं काम मातीत गेलंय माझ्यामुळे.”

“आणि तुमची नोकरी?”

तो एक पायरी वर चढला.

“मंगळवारी ह्यांची नोंद आहे,” बाई म्हणाल्या. “पाढा मला पाठ आहे. पण क म्हणजे काय आणि ख म्हणजे काय, ते इथं फक्त तुम्हाला ठाऊक.”

“बाई, हे मला विचारू नका.”

“बरं, एवढं तरी सांगा. औषध मिळालं नाही तर किती दिवस?”

“डॉक्टर तीन महिने म्हणतात. फार तर चार.”

“आणि मिळालं तर?”

“दहा वर्षंही निघतील.”

बाईंनी कठडा धरला. “दहा,” त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. “एकतीस वर्षं झाली लग्नाला. हे नसतील तर घर कसं असेल, सारखं तेच येतं हो डोक्यात. भाजी चिरतानासुद्धा.”

त्याला राहवेना. एवढी माणसं आपल्या विसरभोळेपणावर जगली-मेली. एक तरी आपल्या हातानं वाचू दे.

“‘क’ औषध,” तो हळूच म्हणाला. “‘ख’ मिठाचं पाणी.”

“नक्की ना? उलट नाही ना? चुकलं तर निस्तरायचं मलाच आहे.”

“नक्की. आणि एकदा नोंद झाली की शेवटपर्यंत तेच, बदलता येत नाही. तेव्हा कुणाला कितव्या नंबरला पाठवायचं, ते नीट बघा. मंगळवारच्या नोंदी झाल्या की दुपारी मी सुरुवातीचा आकडा बदलून टाकतो. कुणाला काही कळणार नाही.”

“फार उपकार झाले,” बाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे टिपून खाली गेल्या.

मंगळवारी तो सकाळीच येऊन बाईंच्या खुर्चीमागे उभा राहिला. बाकावर सात जण होते. मास्तर मजेत होते, शेजाऱ्याला कुठल्याशा मंद विद्यार्थ्याची गोष्ट रंगवून सांगत होते.

पहिल्या माणसाला ‘क’ आला. दुसरी एक तरुण मुलगी होती, तिला ‘ख’. बाई नेहमीसारख्याच टाइप करत होत्या. आता अजून एक ‘ख’ जाऊ द्यायचा, की मग मास्तर.

तिसरा नंबर एका आजींचा होता. काठी टेकत त्या खिडकीशी आल्या, त्याच्याकडे बघून तोंडभर हसल्या. त्याला वर बघवेना.

बाई खुर्चीवरून उठल्या. बाहेर जाऊन त्यांनी आजींना हाताला धरून पुन्हा बाकावर बसवलं.

“तुम्ही ह्यांच्या मागून या, आजी,” त्या म्हणाल्या, आणि आत येऊन मास्तरांचं नाव टाइप केलं.