कूस

कवीने चष्मा सारखा केला आणि भाषणाचं शेवटचं पान वाचायला घेतलं. उद्या भरल्या सभागृहात हेच वाचायचं होतं. त्याआधी ताईला ऐकवावं म्हणून तो मुद्दाम तिच्या घरी आला होता. आई सहा वर्षं तिच्याकडेच अंथरुणाला खिळून होती.

"त्या नगरीत कुणी कुणाचा धनी नसेल, कुणी कुणाचा चाकर नसेल. प्रत्येकाला चिंतनापुरती सवड असेल, आणि म्हातारपण कुणालाच जड वाटणार नाही..."

ताई आईच्या पाठीला मलम लावत होती. ऐकता ऐकता तिने दोनदा मान डोलावली, तसा कवीचा आवाज आणखी चढला.

"छान लिहिलंयस रे," वाचून संपल्यावर ती म्हणाली. "एक विचारू? तिथे आईला कुशीवर कोण वळवतं?"

"म्हणजे?"

"दर दोन तासांनी वळवावं लागतं ना. नाहीतर पाठीला जखमा होतात. मी वाट बघत होते, आता येईल, मग येईल."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. टोमण्यांना उत्तरं देणं त्याला छान जमायचं.

"ते... सगळे मिळून करतील," तो म्हणाला. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"हं." ताईने घड्याळाकडे पाहिलं. "वेळ झालीच आहे. जरा हात लावतोस? आज माझी कंबर धरलीय."

कवीने पानं खुर्चीवर ठेवली. महिन्यातून एकदा याच खुर्चीत बसून तो 'कशी आहे?' विचारायचा आणि चहा पिऊन निघायचा. पलंगाच्या दुसऱ्या बाजूला जाऊन तो उभा राहिला, पण हात कुठे घालायचे ते त्याला कळेना. त्याने आईचे खांदे धरले.

"खांदे नकोत, दुखतात तिचे. एक हात कमरेखाली घाल. हां. आता हळूच माझ्याकडे लोट."

आई कण्हली. कूस बदलली तशी तिची पाठ त्याच्यासमोर आली. माकडहाडापाशी तळहाताएवढी लालभडक, ओली जखम होती. त्याला मान फिरवावीशी वाटली. पण हात काढला असता तर आई परत जखमेवरच पडली असती.

"हात गार आहेत हो तुमचे," आई डोळे मिटूनच पुटपुटली. "नवीन आलात का कामाला?"

ताई काही बोलणार, तोच कवीने मान हलवून तिला थांबवलं.

"हो," तो म्हणाला. "आजच आलो."