मर्जी

"अख्ख्या गावानं टोचून घेतलं ना? मंग आपल्याच पोरीले काऊन टोचाचं? ज्याची त्याची मर्जी!" गोवराच्या लसीचा विषय निघाला की आंजी गावचे रूपराव आपल्या सुनेला, वर्षालीला, असं गप्प बसवायचे. लेकीला कडेवर घेऊन ती बिचारी दोनदा अंगणवाडीच्या दारातून परत आली होती.

पोळ्याला तोरणाखाली रूपरावांच्या सजवलेल्या जोडीशेजारी तानबानं लम्पीची लस न टोचलेला बैल आणून उभा केला, आणि रूपराव भडकले.

"तुमच्या जोडीले टोचलं ना भाऊ? मंग कायचं भेव?" तानबा म्हणाला. "माह्यावाला सुईले भेते. त्याची मर्जी."

"मर्जी गेली खड्ड्यात! एकानं नाई टोचलं तं रोग अख्ख्या गावात शिरते! सगळ्यायले टोचाच लागते!"

वर्षाली मोबाइलवर बैलांचा व्हिडिओ काढत होती. तिनं तो थांबवला नाही.

&nbsp;

पुढच्या आठवड्यात गोवराच्या लसीकरणाचा ऑटो दारावरून गेला तेव्हा भोंग्यावर रूपरावांचाच पोळ्यातला आवाज होता, "सगळ्यायले टोचाच लागते!", आणि घरात वर्षाली लेकीला नवा फ्रॉक घालत होती.